गहिनीनाथ गुरुजींची दुर्बीण

मित्रांनो, माझ्या अंगाचे रबर झिजले आहे, पट्टा तुटला आहे. मी एक जुनी दुर्बीण आहे. पण मी खोल समुद्र पाहिला आहे, तोही समुद्रापासून दूरच्या कोल्हारच्या एका शिक्षकाच्या गळ्यात राहून!

गहिनीनाथ गुरुजींची नजर प्रवरेकाठी तयार झाली. पाखरू नुसते उडाले तरी पंखांच्या लयीवरून ते नाव सांगत. जीव मात्र समुद्री पक्ष्यांत अडकलेला. दर दिवाळीच्या सुट्टीत ते रत्नागिरीला जात आणि मच्छीमारांच्या होडीतून किनारा दिसेनासा होईपर्यंत आत शिरत. उलट्या होत, तरी मला खाली ठेवत नसत.

एकदा लाटांना घासून मुठीएवढे वादळपाखरू गेले. सगळे काळे, शेपूट दुभंगलेली. "हे आपल्याकडं सहसा कुनाला दिसत न्हाई," गुरुजी पुटपुटले. माझ्या काचा त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याने ओल्या झाल्या.

घरी येताच ते लेकीला म्हणाले, "दिपे, येकदा चल की संगं. लई लांबून येतंय गं ते."

"नाना, पुढच्या वर्षी नक्की."

असे दिपाली चार वर्षे म्हणाली. पाचव्या वर्षी गुरुजी वर्गात फळ्यासमोरच कोसळले, ते उठलेच नाहीत.

मला पाहिले की दिपालीला रडू फुटे. म्हणून तिने मला कपाटात बंद केले. दोन पावसाळ्यांच्या ओलीने माझ्या भिंगांत बुरशी धरली.

गेल्या दिवाळीत नानांना दिलेला शब्द आठवून ती मला घेऊन रत्नागिरीला त्याच होडीत बसली. दुपारी होडी चालवणारा नाखवा ओरडला, "ताई, ते बघा! गुरुजींचं काळं पाखरू!"

तिने मला डोळ्यांना लावले. माझ्यात नुसते पांढुरके धुके होते. तिने ओढणीने मला पुसले, पुन्हा पाहिले. पण घाण आतून होती. तोवर तो काळा ठिपका लाटेआड गेला.

"नाना, मी आले हो," ती एवढेच म्हणाली. नाखव्याने इंजिन बंद केले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू रडू येते म्हणून कोंडून ठेवू नका. तिला पुसा, वापरा. आणि माणूस बोलावतो आहे तोवरच त्याच्याबरोबर जा. माझी भिंगे साफ होतील, असे संगमनेरचा कारागीर म्हणतो. पण शेजारी उभे राहून "डावीकडं बघ, लाटेच्या जरा वर" असे सांगणारा माणूस तो कोठून आणणार?