दोघींसाठी सहा गाद्या

आत्याचा राग कायम नाकावर आणि दाभण कायम हातात. दोन्हींतलं आधी काय टोचेल याचा नेम नसे, म्हणून गिऱ्हाइकं गादीचं माप लांबूनच सांगत आणि काढता पाय घेत. तिला सख्खा भाचा एकही नव्हता, तरी साऱ्या गल्लीची ती आत्याच. लग्न तिने केलं नाही, किंवा तिच्याशी करायची कोणाची छाती झाली नाही. दोन्ही मतांची माणसं गल्लीत आहेत आणि ती सगळीच आपलं मत हळू आवाजात मांडतात.

दुकानाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, तिचं घर होतं. बापाने ते दादाच्या आणि तिच्या नावावर केलेलं. तिथे आता तिची वहिनी एकटी राहायची. आत्या मात्र खाली दुकानात, कापसाच्या गठ्ठ्यांशेजारी पथारी पसरून राहत होती, आणि याचं कारणही गादीच होतं.

झालं असं की, दादा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून वहिनीने मोठ्या शोरूममधून फोमची गादी मागवली. ती आली टेम्पोतून, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट, आणि टेम्पो थांबला तो नेमका आत्याच्या दुकानासमोर. पिढ्यान्‌पिढ्या गाद्या शिवणाऱ्यांच्या घरात बाहेरची गादी, आणि तीही अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांदेखत! आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ती नको ते बोलली. या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असं रस्त्यात उभं राहून जाहीर करून टाकलं. वहिनीला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. खरं तर आत्यालाही तसंच वाटत होतं. पण दादाकडे तेवढा वेळ नव्हता. तो गेला त्या दिवशी ती चार माणसांबरोबर वर गेली आणि चार माणसांबरोबरच खाली आली. भाऊ वर शेवटचे दिवस मोजत होता आणि आपण खाली कापूस पिंजत बसलो, याचं तिला इतकं वाईट वाटत होतं की ते कोणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून तिने अबोला धरला. तो आता तिसऱ्या वर्षात होता आणि चांगला अंगवळणी पडला होता.

अशा दुकानात एक दिवस नर्सबाई दोन बायकांना घेऊन आली. ही नर्स दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची आणि निर्वासितांच्या मदत केंद्रात काम करायची. केंद्र भरून वाहतंय, चार दिवस ठेवून घ्या, असं ती म्हणाली. आत्याने सवयीप्रमाणे आधी नाही म्हटलं, मग त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि मागच्या खोलीतले कापसाचे गठ्ठे स्वतःच ओढून पुढे आणले. चार दिवसांचे आठ महिने झाले.

त्या दोघी सासू-सुना होत्या. त्यांच्याकडे लढाई पेटली, घर गेलं, आणि तिघं जण मिळेल त्या वाहनाने निघाले. तिसरा म्हणजे म्हातारीचा मुलगा, सुनेचा नवरा. वाटेत एका चौकीवर बंदूकवाल्यांनी त्याला ट्रकमधून उतरवून घेतलं आणि ट्रक पुढे हाकलायला लावला. त्यानंतर त्याची खबर नाही. सुनेने इथली भाषा भराभर उचलली. म्हातारीला ती कामापुरती समजायची, बोलायचं झालं तर सून मध्ये लागायची.

सासू-सुना म्हटल्यावर आत्याने कान टवकारले होते. भांडण ऐकायला कोणाला आवडत नाही? आणि त्या भांडायच्याही. मिठावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, गाद्या शिवताना सुनेच्या लांब पडणाऱ्या टाक्यांवरून. एवढी आळशी सून जगात दुसरी नसेल, असं म्हातारी रोज सकाळी तिची वेणी घालताघालता सांगायची. सून जेवल्याशिवाय ती घास उचलत नसे, आणि सून तिला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नसे. आत्या दाभणात दोरा ओवताना हे सगळं बघायची आणि तिची नजर नकळत वरच्या छताकडे जायची.

मग ती बातमी आली. मदत केंद्र बंद होणार होतं. आसऱ्यासाठी केलेल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत ज्यांना एखादं घर सांभाळायला तयार असेल त्यांनी इथेच राहावं, बाकीच्यांना छावण्यांत नेणार. म्हाताऱ्या माणसांची छावणी एका टोकाला, तरुण बायकांची दुसऱ्या टोकाला. या दोघी एकत्र आहेत, असं नर्सने कचेरीत सांगून पाहिलं. पण सासू-सून हे कचेरीच्या लेखी एक कुटुंब नव्हतं. ज्याच्यामुळे नातं, तोच हजर नाही, तर नातं कुठून धरायचं, असं उत्तर मिळालं. घराच्याही अटी होत्या: दुकान चालणार नाही, राहतं घर हवं, त्यात पाहुण्यांना वेगळी खोली हवी, आणि घरात कायम राहणारी दोन मोठी माणसं हवीत, जबाबदारी घ्यायला.

 सुनेने हे म्हातारीला सांगितलं नाही. ती गादीच्या कडेचे टाके घालत राहिली, आणि त्या दिवशीचे तिचे टाके अगदी जवळजवळ पडले.

वेगळी खोली असलेलं घर त्या इमारतीत एकच होतं, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. नर्सने भीतभीत वर बोट दाखवलं. आत्याने तिच्याकडे अशी नजर टाकली की नर्सने ते बोट खिशात घातलं. त्यापेक्षा मी दुकानाचंच घर करून दाखवते, दुसऱ्या माणसाचं पुढे बघू, असं म्हणून आत्या कामाला लागली. मागच्या खोलीला पडदा लावला, दोन नव्या गाद्या शिवून त्यांवर स्वच्छ चादरी घातल्या, दुकानाची पाटी उतरवून कापसात दडवली. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचे कंडक्टरकाका, म्हणजे आयुष्य बसमध्ये उभं राहून काढलेले आणि आता एका खोलीत एकटे बसलेले, पुतणे येणार आहेत म्हणून दोन गाद्या घेऊन गेले. मागोमाग नर्सही मैत्रिणी येणार म्हणून दोन घेऊन गेली. आत्याला वाटलं, बरं चाललंय की.

तपासणीच्या मॅडम दुपारी आल्या. थकलेल्या, सभ्य बाई. दिवसभर लोकांच्या खोल्या बघून बघून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी पडदा बाजूला केला, गाद्या पाहिल्या, शिंकल्या, आणि केसांवरचा कापूस झटकत म्हणाल्या की हे दुकान आहे. आत्या काही बोलणार, इतक्यात जिन्यावरून कंडक्टरकाका जवळजवळ घसरतच खाली आले. या दोघी झोपायला माझ्याकडे असतात, दुकानात नुसत्या दिवसभर बसतात, चला दाखवतो. मॅडमनी सुनेला विचारलं, खरं का? सुनेने मान डोलावली. मॅडम वर गेल्या, मागोमाग त्या दोघीही. काकांच्या खोलीत दोन गाद्या होत्या आणि काकांना स्वतःला झोपायला व्हरांडा होता. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि नर्स म्हणाली की त्या माझ्याकडे राहतात, तिनेही हे आधीच ठरवून ठेवलं होतं. तिच्याकडेही दोन गाद्या. तिने आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी पुन्हा सुनेकडे पाहिलं. सुनेने पुन्हा मान डोलावली. दोघांनीही तिला वेगवेगळं गाठून, कोणाला न सांगता, माझं नाव सांग म्हणून विनवलं होतं, आणि इतक्या प्रेमाने देऊ केलेल्या घराला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

"म्हणजे दोन बायका आणि सहा गाद्या," मॅडम म्हणाल्या. "रात्री या कूस बदलतात की मजला?"

कोणी हसलं नाही. खोटी माहिती दिली तर घराची परवानगी जागच्या जागी रद्द होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडम उतरू लागल्या. पहिल्या मजल्यावर त्यांनी, आता आलोच आहोत तर, म्हणून वहिनीच्या दाराची बेल वाजवली. वहिनी बाहेर आली. मॅडमनी विचारलं, त्या दोघी तुमच्याकडेही राहतात का?

वहिनीने त्या दोघींकडे पाहिलं, मग जिन्याच्या खालच्या वळणावर उभ्या असलेल्या आत्याकडे. "नाही," ती म्हणाली. "इथे मी एकटीच राहते. त्या खाली दुकानात असतात."

आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. सारी इमारत खोटं बोलली, हिला एकदा बोलता येऊ नये? पण राग जितक्या वेगाने चढला तितक्याच वेगाने उतरला, कारण त्या क्षणी सुनेने म्हातारीला सगळं सांगायला सुरुवात केली होती. दोन छावण्या, दोन टोकं. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं जिन्यातच बाहेर आलं. म्हातारी शांतपणे ऐकत राहिली. मग तिने मॅडमचा हात धरला आणि आपल्या भाषेत काही तरी सांगितलं. ते सुनेने इथल्या भाषेत सांगितलं.

"त्या म्हणतात, माझा मुलगा सुटला की आम्हाला शोधत येईल. एवढा दमून येईल तो. त्याने दोन ठिकाणी का शोधायचं?"

मॅडमनी हात सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने त्यांनी वहिनीला विचारलं, "तुमच्याकडे रिकामी खोली आहे?"

"आहे. ह्यांची."

"या दोघींना द्याल?"

"मला कोणी विचारलंय का?" वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज चांगलाच चढला. "आठ महिने माझ्या पायांखाली राहतात. त्यांचं खोकणं मला ऐकू येतं. ती म्हातारी रात्री रडते, तेही ऐकू येतं. पण वर येऊन कोणी एका शब्दाने विचारलं नाही. देईन की. न द्यायला काय झालं?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. खोली चालेल, त्या म्हणाल्या, पण तुम्ही एकट्या. नियम दोन माणसांचा आहे, तो मला मोडता येत नाही. घरात राहणारं दुसरं माणूस हवं.

 कंडक्टरकाका छत बघू लागले. नर्स स्वतःच्या चपला बघू लागली. आत्याकडे कोणीच बघत नव्हतं, आणि त्यामुळेच तिला कळलं की सगळे तिच्याचकडे बघताहेत.

वर जायला थोड्याच पायऱ्या उरल्या होत्या. रस्त्यात उभं राहून टाकलेला शब्द होता, गल्लीने ऐकलेला. तो मोडला तर गल्ली आयुष्यभर चिडवणार, हे आत्या जाणून होती, कारण दुसऱ्या कोणाचा मोडला असता तर तिने स्वतः तेच केलं असतं. तिने कठडा धरला आणि एकेक पायरी चढत ती वहिनीच्या दारासमोर येऊन उभी राहिली. आपण किती म्हाताऱ्या झालो आहोत, हे तिला वहिनीच्या चेहऱ्यावर दिसलं.

"वहिनी," ती म्हणाली. इतक्या दिवसांत हा शब्द तोंडातून निघाला नव्हता, तो नीट येईना. "मला घरात घेशील का?"

 वहिनी दार धरून बाजूला सरकली.

मॅडमनी हलक्या आवाजात विचारलं, या तुमच्या कोण?

"नणंद."

"आणि तुमचे मिस्टर?"

"ते नाहीत आता."

"नाहीत," मॅडम म्हणाल्या, "तर मग तुमचं नातं..." आणि त्या मध्येच थांबल्या. त्यांनी सासूकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग पुन्हा या दोघींकडे. कचेरीत हेच वाक्य त्यांनी आजवर कितीदा पुरं केलं असेल कोण जाणे. या वेळी त्यांनी ते अर्धं सोडलं. आमच्या माणसांना हे मला समजावून सांगावं लागेल, त्या म्हणाल्या, आणि मी ते सांगेन. चौघींचं एक घर. सासू-सून एकत्र, माझ्या सहीने. महिनाभराने पुन्हा येईन, तेव्हा गाद्या दोनच दिसू द्या. मग कंडक्टरकाकांना, तुमच्या गाद्यांवर झोपायला खरंच कोणी आलं तर कळवा, असं सांगून त्या उतरून गेल्या.

नर्स जिन्यातच बसून रडली आणि हसली. सून म्हातारीला भराभर सांगत होती, आणि म्हातारी तिला, सावकाश सांग, आळशी कुठली, असं काहीसं म्हणत असावी, कारण दोघी एकमेकींना घट्ट धरून होत्या.

आत्या अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती. आत दादाची खोली दिसत होती. पाय उचलेना.

"मी यायला हवं होतं," ती म्हणाली. "तो असताना."

"हो," वहिनी म्हणाली. "यायला हवं होतं." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "ह्यांनी शेवटपर्यंत मला दाराला आतून कडी लावू दिली नाही, वन्सं. ती येईल, म्हणायचे. मी अजूनही लावत नाही."

आत्या उंबऱ्यावरच मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडली. तिला काय झालं हे म्हातारीला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिनेच पुढे होऊन आत्याला दंडाला धरून उठवलं. मग आत्या आत गेली, आणि तिच्यामागून त्या दोघी.