दुपारचा गल्ला

आमच्या मास्तरांना कोटाच्या बाहीत सुतभर फरक चालत नाही, पण कुणाला तोंड दाखवायची वेळ आली की ते पळवाट शोधतात. मी त्यांची बायको, काजं-बटणं मीच करते, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

रस्त्यापलीकडे मावशींचं दुकान, राहायच्या मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोरे, बटणं, अस्तर. मास्तर तिथून माल उधार आणायचे. बोली साधी होती, कोटाचे पैसे आले की आधी मावशींची बाकी. ती वर्षानुवर्षं पाळली, म्हणून तर घरोबा झाला. मावशींचे यजमान इस्पितळात अंथरुणाला खिळले तेव्हा रोज दुपारी मास्तर मशीन थांबवून त्यांच्या गल्ल्यावर बसू लागले, आणि मावशी डबा घेऊन नवऱ्याला भरवायला जाऊ लागल्या. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास ते घेत नसत. दुकान बंद ठेवावं तर सगळे शिंपी दुपारीच माल न्यायला यायचे, आणि औषधाचा खर्च त्याच विक्रीवर चालायचा.

मग एका हॉटेलच्या वेटरांचे कोट शिवले. अस्तर भरपूर लागलं, सगळं उधार. पैसे आले त्याच आठवड्यात मशीनची मोटर जळाली. ठीक आहे, अडचण कुणाला चुकली आहे? मी म्हटलं, "जा, मावशींना सांगून या."

"रिकाम्या हातानं काय जायचं? पुढच्या कामाचे आले की एकदम देतो."

पुढच्या कामाचे आले, तर यांना नवी कात्री घ्यायची होती. उद्या, परवा, सोमवार. बाकी तेवढीच राहिली आणि लाज मात्र रोज वाढत गेली. शेवटी त्यांनी दुपारचं जाणंच सोडलं. दोरा आणायला थेट बाजारात, रोखीनं, तोही महाग. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"जिचे द्यायचे तिला टाळायचं आणि परक्याला रोख मोजायचे, हा कुठला हिशेब?" मी विचारलं. "आणि मावशींच्या दुपारचं काय?"

"ठेवलं असेल कुणाला तरी."

"मग मी जाऊन बसते."

"बाकी फेडल्याशिवाय या घरातलं कुणी तिकडे जायचं नाही," असं म्हणून त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलं शहाणपण. मला इतका संताप आला की मीही अबोला धरला. त्या रागाचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

पुढच्या कोटांचे पैसे मात्र मी गिऱ्हाइकाकडून परस्पर घेतले आणि मास्तरांना घराबाहेर काढलं, मीही बरोबर निघाले. त्यांनी मुद्दाम दुपार निवडली. मावशी इस्पितळात असतील, गल्ल्यावर जो कुणी बसला असेल त्याच्याकडे पैसे देऊन सटकू, असा बेत.

गल्ल्यावर मावशीच बसल्या होत्या.

"तुम्ही दुपारच्या इथे?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"आता दुपारी कुठे जाऊ, मास्तर? गेले ते. महिना होईल."

मास्तरांचा पैसे धरलेला हात तसाच राहिला. मावशी शांतपणे सांगत होत्या. गल्ल्यावर बसायला विश्वासाचं माणूस मिळालं नाही. दुकान सोडवेना, म्हणून त्या संध्याकाळी जायच्या. यजमान दुपारचं जेवण तसंच परत पाठवायचे, दाराकडे बघत पडून राहायचे. गेले तेही भरदुपारी. जवळ कुणी नव्हतं.

"मला एक हाक तरी मारायचीत हो, मावशी," मास्तर कसेबसे म्हणाले.

"निघाले होते एकदा. तुमची खिडकी बंद दिसली. म्हटलं, दारात गेले तर मास्तरांना वाटेल, वसुलीला आली." त्यांनी पैसे घेतले, मोजले, वरची मोड परत दिली. "मला तुमची दुपार हवी होती. हे पैसे काय, आज ना उद्या आलेच असते."

मला रडू आवरेना. मावशींनी मास्तरांच्या नेहमीच्या काळ्या दोऱ्याचं रीळ काढून पुढे ठेवलं, आणि त्याच्या रोख पैशांसाठी लगेच हात पुढे केला.

आता बाकी काही नाही. खिडकी उघडी असते. दुपार झाली की मास्तर सवयीनं मशीन थांबवतात, उठून चपला घालतात, आणि समोर गल्ल्यावर बसलेल्या मावशींना बघून परत काढून ठेवतात.