बशीखालच्या चिठ्ठ्या

“अगं, इकडे ये, गंमत दाखवते,” आईने जेवणाच्या टेबलावरून हाक मारली. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर बशाच बशा.

“सकाळी सकाळी उंदराची हाडं बघितली नाहीत तर अडतं का गं तुझं?”

“उंदीर कसला! बेडूक आहे. बारमाही पाणी लागणारा. आणि सापडला कुठल्या थरात, ओळख बघू!”

“संध्याकाळी ओळखते. उशीर होतोय मला.”

“बरं बाई. बेडूक कुठे पळून जातोय!” ती हसली.

आई संग्रहालयातून निवृत्त झाली होती, तरी गुहेतली माती चाळून निघालेली बारीक हाडं निवडायला तिच्याकडेच यायची. घुबडांनी शिकार गिळून पिढ्यान्‌पिढ्या गुहेत ओकून टाकलेली. बाहेर कोणत्या काळी गवत होतं, कधी पाणी, ते त्यांवरून कळायचं. मला कळायचं ते एवढंच, की जेवायला टेबल मोकळं नसतं.

त्या दुपारी आई टेबलाशी, खुर्चीत बसल्या बसल्याच गेली.

लोक भेटायला येऊ लागले तेव्हा मी टेबल आवरलं. सगळ्या बशा एका डब्यात रित्या केल्या, खालच्या चिठ्ठ्या केरात टाकल्या, बशा घासून पालथ्या घातल्या. हाडं जपून ठेवली याचं समाधानही वाटलं.

पुढे आईबरोबर काम करणारी संशोधक आली. गुहेखालचं पाणथळ बुजवायला बांधकामवाले निघाले होते. ते पाणी मूळचं नाही, अलीकडे कालव्यातून पाझरलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं.

“मावशींचा त्या दिवशी फोन आला होता. म्हणाल्या, बेडूक मिळालाय, उद्या ये, सगळं सांगते.”

मी डबा पुढे केला. झाकण उघडून तिने आत पाहिलं.

“चिठ्ठ्या?”

“टाकल्या.”

“एकेक बशी म्हणजे एकेक थर होता, ताई.” आवाज चढला नाही तिचा. चिमट्याने चाळत तिने तांदळाच्या कणीएवढं हाड बाजूला काढलं. “हाच तो. पण खालच्या, जुन्या थरातला असेल तरच पाणी पूर्वीपासूनचं आहे हे दाखवता येईल. मावशी घरी काही बोलल्या होत्या?”

“बोलणार होती.”

तिने ते हाड माझ्या तळहातावर ठेवलं. “असू दे तुमच्याकडे. थर माहीत नसेल तर याच्यावरून काही सांगता येत नाही.”

ती गेल्यावर मी फडताळातली एक बशी काढली, हाड तिच्यात ठेवलं, बशी आईच्या खुर्चीसमोर सरकवली. भिंगही तिच्या उजव्या हाताला ठेवलं. मग माझ्या जागेवर बसले आणि मोठ्याने म्हणाले,

“दाखव ना गं, आई. बघते मी.”