तो दणका माझा नव्हता

मी सबवूफर बोलतोय, म्हणजे होम थिएटरमधला तो काळा, ठोकळ्यासारखा डबा. कुजबुज, गाणी, पावलांचे आवाज ही कामं स्पीकरांची. ढग, तोफा आणि ठोसे माझ्याकडे. कारखान्यात माझी चाचणी घेतली तेव्हा टेबलावरचे स्क्रू नाचत खाली पडले होते. धसमुसळेपणा माझ्या अंगातच आहे, पण माझ्या आडून एखाद्याला मारतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

मला विकत घेणारे साहेब इमारतीत फार सज्जन म्हणून ओळखले जायचे. मला बसवायला आलेल्या साउंडवाल्याने आधी मलाच सोफ्यावर ठेवून वाजवलं आणि स्वतः जमिनीवर रांगत खोलीभर फिरला. जिथं माझा आवाज कानाला भरीव आणि स्वच्छ लागला, त्या कोपऱ्यात त्याने मला बसवलं. मग जाड आवाज मला, बाकीचा स्पीकरांना, अशी वाटणी करत तो म्हणाला, "डबा कुठं आहे हे कळता कामा नये, साहेब. सगळा आवाज एकजीव झाला पाहिजे."

"म्हणजे दणका कशाचा, ते ओळखू येणार नाही?"

"अजिबात नाही."

साहेब खूश झाले. का, ते मला त्याच आठवड्यात कळलं. चहा गार झाला एवढंच निमित्त. त्यांनी मारामारीचा सिनेमा लावला, माझा आवाज वाढवला, आणि पडद्यावर ठोसा पडला की इकडे बायकोच्या पाठीत. एकदा तिचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा पडद्यावर नेमका पूल उडत होता.

पुढे पुढे त्यांनी रिमोट उचलला की ती मुकाट्याने चष्मा काढून माझ्यावर ठेवायची. आधीचा फुटला होता. मी दणदणत राहायचो आणि तिचं किंचाळणं त्यात बुडून जायचं. मला स्वतःची किळस यायची.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर आणि त्यांची बायको राहायचे. सगळे त्यांना काका-काकू म्हणत. हादऱ्यांना वैतागून ते छताला काठी आपटत. शेवटी काका वर आले. "अहो, आमच्या डोक्यावर काय रणगाडे चालवताय?"

साहेब गोड हसले. "राग सोडा, काका. थोडे दिवस हा डबा तुमच्याच घरी ठेवा." आणि स्वतः मला उचलून खाली पोचवलं. त्यांच्या सभ्यपणाचं जिन्यात केवढं कौतुक झालं! मारणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण आपलंच पांघरूण काढून देतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी काकांच्या कपाटाशेजारी गप्प बसलो होतो. वर सिनेमा लागला, नुसत्या स्पीकरांचा, पातळ. मग दाणकन आवाज झाला आणि छताचा पोपडा खाली पडला.

"बघ, केलं परत सुरू त्यानं," काका उसळले.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी माझी गुंडाळलेली वायर पाहिली.

"अहो, डबा तर इथं आहे."

पुन्हा दणका. काहीतरी फरपटत गेलं, आणि "नको, नको" असा आवाज आला. काकू घडी टाकून उठल्या. "इतके दिवस आपण तिच्यावर काठी आपटत होतो हो."

काका अनवाणी धावले. दार फोडल्याचं मी खालून ऐकलं. मग काकांनी साहेबांना लोळवलं, आणि त्या धक्क्याने कपाटातल्या कपबश्या वाजल्या. काकूंनी तिला खाली आणलं. ओठ फाटलेला, एक हात लोंबकळलेला. पोलीस साहेबांना नेत होते, तरी ते सांगत होते, "अहो, घरातला मामला आहे."

हाताचं प्लास्टर निघाल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. काकांचा हातोडा मागून घेतला आणि माझ्या आवाजाच्या पडद्यावर घातला. मग पुन्हा, आणि पुन्हा, दमेपर्यंत. मला तिचा राग आला नाही.

आता मी भंगारात पडलोय. तुमच्या डोक्यावर दणके ऐकू आले तर सिनेमा असेल म्हणून कूस बदलू नका. वर जा, दार वाजवा. सिनेमाच निघाला, तर फार तर ओशाळाल.