चेअरमनांचा फोटो मावेल ती पद्धत

शुभांगी हट्टाला पेटली होती. शेवगावकडच्या एका दूध संघाने, नव्याण्णव साली, गावोगावच्या संकलन केंद्रांसाठी तळहातावर मावेल असं यंत्र करायला घेतलं होतं. दुधाचे लिटर आणि फॅट टाकली की भाव तिथल्या तिथे दिसणार. यंत्र चालवायला त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली बसवायची हे नक्की होतं. घोडं अडलं होतं बांधणीवर. लिनक्स म्हणजे हजारो सुट्या फायली. त्यांतून यंत्राला पेलेल असा एकच गठ्ठा संगणकावर बांधायचा, आणि तो कोणत्या पद्धतीने, यावरून तिचं आणि रविराजचं रोज वाजत होतं.

रविराज म्हणे, तयार भलंमोठं लिनक्स घ्यावं आणि नको ते कापत जावं. शुभांगी म्हणे, रिकाम्यापासून सुरुवात करावी आणि लागेल तेवढंच घालावं.

"पाच माणसांच्या स्वयंपाकाला गावजेवणाची कढई कशाला रे?"

"तू तर मीठसुद्धा खडे मोजून घालशील."

दोघं पुण्याला एकाच वर्गात शिकलेली, संघात दोघंही नवी. ज्याची पद्धत मंजूर होईल तो कामाचा मुख्य, दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राबायचं. रविराजच्या हाताखाली! नुसत्या विचाराने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

संचालकांची बैठक भरली. शुभांगीने फळ्यावर चित्रं काढून जीव तोडून समजावलं. चेअरमन मच्छिंद्रनाना डोळे मिटून ऐकत होते.

"समदं ब्येस हाय पोरी," ते डोळे उघडून म्हणाले, "पर चालू केल्यावर आमचा फोटू कुठं येतो?"

शुभांगीने कपाळावर हात मारला. संघाच्या अहवालात नाना, कॅलेंडरवर नाना, पेंडीच्या पोत्यावरसुद्धा नाना. मग यंत्रातून ते कसे सुटतील?

दोन्ही पद्धतींत फोटो घालून बघायचं ठरलं. रविराजची बांधणी आधीच काठोकाठ भरलेली. काहीही कापलं की दुसरंच काहीतरी बंद पडे. शुभांगीच्या बांधणीत जागा होती. इवल्याशा पडद्यावर फेट्यासकट नाना उगवले आणि ठराव एकमताने मंजूर झाला. आनंदाच्या भरात तिने रविराजला पेढा भरवला. त्याने तो एरंडेल प्यावं तसा गिळला.

तेवढ्यात व्हाईस चेअरमन छगनराव खाकरले.

"आन आमी?"

त्यांच्यामागे सगळेच संचालक खाकरू लागले.

शुभांगी पुन्हा संगणकाशी बसली. छगनरावांच्या फोटोला जागा करायला तिने यंत्रातला मदतीचा मजकूर उडवला, पुढच्या दोघांसाठी घड्याळ, त्यापुढच्यांसाठी छपाई. तिचा जीव तीळतीळ तुटत होता. होता होता यंत्रात उडवण्याजोगं एकच उरलं, फॅटवरून भाव काढणारा हिशेब. आणि एक संचालक अजून खाकरतच होते.

ती नानांकडे धावली. "नाना, आणखी एक फोटो घातला तर दुधाचा भावच दिसणार नाही!"

"त्याला काय हुतंय? भाव आपन वहीत लिवतोच की. पर मानूस नाराज व्हता कामा नये."

शुभांगी परत आली. रविराज तिची खुर्ची पुसून उभा होता.

"बोला मॅडम," तो कधी नव्हे इतक्या अदबीने म्हणाला, "हिशेब मी उडवू, का तुम्ही?"

शुभांगीने तो स्वतःच्या हाताने उडवला. मुख्य तीच होती ना!