सुनेसाठी घेतलेली चादर

मी एक चादर. डबलबेडची, पांढरी, चारही कडांना निळी पट्टी. चादरीला कुठून तोंड फुटलं, असं म्हणाल. माझ्या अंगावर अक्षरं शिवली गेली आणि मग त्यांतलीच काही दडवली गेली. ज्याचं बोलणं दडवतात, त्याला कधी ना कधी बोलावंच लागतं.

आईनं मला दुकानातून आणलं तेव्हा तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा होता. बाजाररस्त्याला त्याचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि सगळे त्याला मास्तर म्हणत. आईनं चार चादरी उलगडायला लावल्या, पोत हातावर घासून पाहिला, रंग उतरेल का म्हणून तीनदा विचारलं. "घरासाठी असती तर कुठलीही चालली असती हो," ती दुकानदाराला म्हणाली, "सुनेसाठी घ्यायचीय."

सून यायची होती म्हणून मला ट्रंकेत ठेवलं, डांबराच्या गोळ्या घालून. मुलाचं लग्न ठरेपर्यंत आठवड्यातून एक दिवस एकदाच जेवायचं, असं व्रत आईनं धरलं. वर्षातून एकदा ती मला बाहेर काढी, ऊन दाखवी आणि पुन्हा घडी घाली. पण मागच्या वर्षीची घडी कधीच नाही. ती म्हणायची, घडी एकाच जागी राहिली की कापड तिथेच विरतं.

अशा पंधरा घड्या माझ्या बदलल्या. मला कुणी अंथरलं मात्र नाही.

मधल्या काळात घरात एक माणूस आला. बसचा ड्रायव्हर. पहिल्यांदा आला तो गणवेशाची पँट शिवायला. मग ती सैल झाली म्हणून आला, मग घट्ट झाली म्हणून. शेवटी एकदा मास्तरच म्हणाले, "पँट ठीक आहे, तुम्ही चहाला आलात तरी चालेल." वरची खोली रिकामी होती, तिथे तो राहायला आला. त्याला अकरा वर्षं झाली. पाणी भरायचा, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तिला धरून नेलं ते त्यानंच, आणि तिला आई म्हणायचा. वरच्या खोलीत राहतो म्हणायला. जेवण खालीच, हसणं खालीच, आजारपण खालीच. आईला कळायला वेळ लागला नाही, पटायला लागला. व्रत मात्र तिनं सोडलं नाही. शेजारणी विचारत, "मास्तरांचं कधी?" ती म्हणे, "देवाच्या मनात असेल तेव्हा." देवाच्या मनातलं वरच्या खोलीत येऊन राहिलंय, हे कुणाला सांगणार?

मग एक दिवस त्याची बस उलटली.

आमच्या भागात दवाखाना आहे, म्हणजे इमारत आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो आणि पट्टी बांधून पुढे पाठवतो. पुढे म्हणजे सहा तासांवर, मोठ्या शहरात. ड्रायव्हरच्या मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता, तो शुद्धीत नव्हता. मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन सहा तास बसले. तिथे पोचल्यावर खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, नातं काय. मास्तर म्हणाले, आम्ही एकत्र राहतो. कागद खिडकीतून परत आला. जिवाला धोका नाही, मग नातेवाइकाची सही लागणारच, असं उत्तर मिळालं. आत जाऊन नुसतं बघूही दिलं नाही. ज्या भावानं ड्रायव्हरचं तोंड नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं, त्याला शोधून आणण्यात दोन दिवस गेले. भाऊ आला, सही केली, आत गेला, दहा मिनिटांत बाहेर आला आणि परतीच्या वाटेला लागला. मास्तर बाहेरच्या फरशीवरच होते.

त्या दोन दिवसांत जखम चिघळली. हाड उशिरा जोडलं आणि वाकडं जुळलं. एका सहीपायी, बाई गं. ते हाड पुन्हा मोडून नीट बसवावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे पुन्हा तीच खिडकी.

ड्रायव्हर काठी टेकत घरी आला त्या दिवशी आईनं ट्रंक उघडली. मला वाटलं, उन्हाचा दिवस. पण तिनं मला मास्तरांसमोर ठेवलं. तेव्हा रुग्णालयाच्या मागणीसाठी गावोगावची माणसं एकत्र येत होती आणि मोर्चासाठी फलक हवा होता. मास्तर म्हणाले, "आई, ही तर..." ती म्हणाली, "ठाऊक आहे कुणासाठी होती. काप."

कापलं नाही मला. अस्तराच्या उरलेल्या लाल कापडाची अक्षरं मास्तरांनी कातरली, आईनं एकेक अक्षर टाचणीनं बसवलं, मशिननं शिवलं. तीन ओळी झाल्या. पहिली: आमच्या भागाला रुग्णालय हवं. दुसरी: डॉक्टर आणि रक्तपेढी सहा तासांवर नको, इथे हवी. तिसरी: सोबत जगणाऱ्यालाही सहीचा हक्क द्या. तिसरीखाली सात रंगांच्या चिंध्यांची बोटभर पट्टी. ती फुलवालीनं आणून दिली.

फुलवाली म्हणजे मास्तरांच्या दुकानातल्या रविवारच्या बैठकीची जीव की प्राण. जन्मल्यावर घरच्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. तिनं मोठेपणी त्यांची चूक दुरुस्त केली, म्हणून घराबाहेर पडावं लागलं. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून सात-आठजण जमत. कुणाला घरानं टाकलेलं, कुणी घरातच लपलेलं. एकमेकांच्या चहात साखर किती हे त्यांना ठाऊक असे, आडनावं नसत. रुग्णालयासाठी सह्या गोळा करायचं ठरलं तेव्हा हीच माणसं बाहेर पडली. फुलवालीला प्रत्येक दार ठाऊक होतं. ती टोपलीत फुलं आणि फुलांखाली सह्यांचे कागद घेऊन फिरली. ज्या ओट्यांवर तिला बसायला सांगत नसत, त्या ओट्यांसमोर उभं राहून तिनं सह्या घेतल्या. कागदांचा गठ्ठा वीतभर जाड झाला.

आणि मग मोर्चा काढणाऱ्या समितीचे सेक्रेटरी दुकानात आले.

भला माणूस, असं सगळे म्हणतात. बसले, पाणी प्याले, माझ्यावरून हात फिरवून शिवणीचं कौतुक केलं. मग म्हणाले, तिसरी ओळ तेवढी आत घ्या. मोर्चात सगळ्या घरांतली माणसं येणार, कचेरीतल्या साहेबांपुढे वेगळाच विषय निघेल. आधी रुग्णालय होऊ दे, मग तुमचं बघू. आणि हो, फुलवालीला म्हणावं, जरा मागच्या रांगेत.

सह्यांना पुढे, फोटोला मागे. कामापुरता मामा दुसरं काय असतो? मी कापड आहे, मला राग यायचं कारण नाही, पण त्या दिवशी माझी निळी किनारसुद्धा तापली होती.

मास्तर भांडले नाहीत. त्यांना मोडलेलं हाड दिसत होतं. समितीशी बिनसलं आणि रुग्णालयच राहिलं तर, ही धास्ती होती. सेक्रेटरी गेल्यावर त्यांनी मला दुमडलं आणि तिसरी ओळ आत घेऊन शिवली. मशिनवर नाही, हातानं. लांब लांब टाक्यांचा धावदोरा, जो शिंपी उसवायच्या शिवणीलाच घालतो. शेवटी गाठही मारली नाही. आईला त्यांनी काही सांगितलं नाही.

मोर्चाच्या दिवशी कचेरीसमोर ऊन मी म्हणत होतं. मला दोन बांबूंना बांधून धरलं होतं. ड्रायव्हरला काठीसकट पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, जखमी माणूस पुढे बरा दिसतो म्हणून. मास्तर त्याच्यापासून चार हात दूर. फुलवाली पार मागे, झाडाखाली. साहेब पायऱ्या उतरून आले. सेक्रेटरी निवेदन वाचू लागले.

आई बायकांच्या रांगेत होती. तिला वाचायला वेळ लागतो, पण माझी अक्षरं तिनं बोटांनी बसवली होती. तिनं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग रांगेतून सरळ माझ्याकडे आली आणि खालची कड उलटी केली.

"कच्चा दोरा आहे," ती मास्तरांकडे न बघता म्हणाली. "म्हणजे मनातून शिवलेलं नाही."

सेक्रेटरी वाचन थांबवून जवळ आले, आवाज खाली घेऊन म्हणाले, "मावशी, घरचं घरी ठेवा."

"घरचंच आणलंय," आई म्हणाली. "चादर माझी आहे."

तिनं दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. गाठ नव्हतीच. सर्रकन सगळा धावदोरा निघाला आणि माझी तिसरी ओळ खाली सुटली, खालच्या रंगीत पट्टीसकट.

कुणी हसलं, कुणी खाकरलं, दोघी-तिघी बाजूला सरकल्या. साहेबांनी खुर्चीतल्या ड्रायव्हरकडे बोट करून विचारलं, "हे कोण तुमचे?"

आईला शब्द सापडेना. आपल्या भाषेत मामेसासऱ्याच्या व्याह्यालाही शब्द असेल, याच्यासाठी नव्हता. ती म्हणाली, "साहेब, ही चादर सुनेसाठी घेतली होती. पंधरा वर्षं व्रत केलं. सून आली नाही, हा आला. व्रत मोडलं नाही मी, मागणं तेवढं बदललं. आता जेवते एकदाच, पण याच्या पायासाठी. हसा खुशाल. बाजूला मात्र सरकू नका. तुमच्या रुग्णालयासाठी सह्या कुणी आणल्या, ती झाडाखाली उभी आहे."

सगळ्यांच्या माना झाडाकडे वळल्या. फुलवालीनं पदर नीट केला आणि उन्हातून चालत पुढे आली. मास्तर ते चार हात ओलांडून खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एवढंच झालं. सरकलेल्यांपैकी दोघी परत जागेवर आल्या, एक मात्र गेली ती गेलीच.

पुढचं ऐका आणि तुम्हीच ठरवा. रुग्णालय मंजूर झालं. वर्तमानपत्रात फोटो आला: सेक्रेटरी, साहेब आणि मी. माझा फोटो दुसऱ्या ओळीखाली कापला होता. दोऱ्यानं जमलं नाही ते कात्रीनं केलं. तिसऱ्या मागणीवर विचार चालू आहे, असं उत्तर आलं. अहो, भिजत ठेवायला मी घोंगडं नाही. इमारत उभी राहील, खिडकी नवी असेल, आणि खिडकीतला कागद जुनाच. त्यावर बाप, भाऊ, नवरा, बायको यांच्यासाठी जागा. अकरा वर्षं पाणी भरणाऱ्यासाठी नाही.

ते उत्तर आलं त्या संध्याकाळी मास्तरांनी माझी खालची कड मशिनवर नीट दुमडून शिवली, अक्षरांच्या खाली. पक्की टीप, दोन्ही टोकांना गाठ.

आज मी सहा तासांवरच्या त्या मोठ्या रुग्णालयात आहे. नवं रुग्णालय व्हायला अवकाश आहे, हाड थांबायला तयार नाही. आईनं मला पिशवीतून काढलं आणि बाहेरच्या फरशीवर अंथरलं, अक्षरं वर करून. हो, अंथरलं. जन्मात पहिल्यांदा. मास्तर आणि आई माझ्यावर बसलेत, फुलवाली डबा उघडतेय. आई खात नाही, आज तिचा एकवेळचा दिवस. रखवालदार आला होता, हे काय पसरलंय म्हणून. वाचता वाचता तिसऱ्या ओळीशी थांबला, डोकं खाजवून निघून गेला. एक अनोळखी बाई उभी होती, तिची लेक आत आहे. आईनं तिला हात धरून बसवलं.

ड्रायव्हर आता शुद्धीत आहे, खिडकीत त्याची स्वतःची सही झाली आहे, पण नातेवाइकाचीही लागतेच. नातेवाइकाच्या जागी मास्तरांनी सही केली, आणि नातं या रकान्यात लिहिलं: सोबत राहतो. कारकुनानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद घेऊन आत मोठ्या डॉक्टरांकडे गेला. मागच्या वेळी तो कागद तिथल्या तिथे परत आला होता. या वेळी अजून आलेला नाही.

तुम्ही उभे का? या, बसा. माझी घडी आता कुणी घालू नका. डबलबेडची आहे मी, जागा पुष्कळ आहे.