गतिनाथबाबांचा बिनक्लचचा गिअर

स्टिअरिंगला गुंडाळलेले भगवे कापड आधी हले आणि ‘हूँ’ नंतर उमटे. मधले अंतर निमिषभराचेच. पण मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. कारण आधी आणि कार्य नंतर, हे पाहायची मला सवय आहे.

इतर कुणी कापडाकडे पाहत नव्हते. २००१ सालच्या हिवाळ्यातली शुक्रवारची सकाळ होती. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका गॅरेजच्या आवारात दुबईच्या अल मनखूल वस्तीतली आमची मराठी कुटुंबे आणि बांधकामाच्या साइटवर काम करणारे कोकणातले लोक गोळा झाले होते. सगळ्यांची नजर होती गतिनाथबाबांच्या आशीर्वादासाठी उंचावलेल्या उजव्या हातावर. त्यांचा डावा हात स्टिअरिंगवर, डावा पाय सीटवर दुमडलेला. दर्शन अडू नये म्हणून गाडीची दारे काढून ठेवली होती. गिअरला हात नाही, क्लचला पाय नाही. तरी ‘हूँ’ म्हणताच ‘टक’ आवाज होई आणि गाडी वरच्या गिअरमध्ये जाई. गाडी मोटर रॅलीतून निवृत्त झालेली होती. बाबा मात्र नुकतेच कामाला लागले होते.

गाडी सुटताना आणि थांबताना दुमडलेला पाय हळूच खाली उतरे. त्या वेळी भक्तांचे डोळे मिटलेले असत. तशी आज्ञाच होती.

“क्लच माया है, बेटा!” बाबा म्हणाले. “माया छोडो, गती मिलेगी.”

“बाबानू, ह्यो मंत्र आमच्या क्रेनाक लागात काय?” साइटवरच्या भिकाजीने विचारले. हशा पिकला.

“पहिल्यातून एकदम तिसऱ्यात घालून दाखवता?” मी विचारले.

“साधना में सीढ़ी नहीं लाँघते, बेटी.”

लोकांनी माना डोलावल्या. यंत्राच्या अडचणीचेही तत्त्वज्ञान झाले.

एवढ्यावर मी हसून घरी गेले असते. पण पुढच्याच खुर्चीवर माझी मोठी जाऊ, गिरिजावहिनी, गळ्याशी ओढणी घट्ट धरून बसली होती. तिच्या गळ्यातली गाठ लवकर काढा, असे डॉक्टरांनी उन्हाळ्याआधीच बजावले होते. ती रोज ‘बघू’ म्हणे. आणि बाबांनी तिला सांगितले होते, क्लचविना गिअर पडतो, तशी सुरीविना गाठ विरेल.

“बाबा, मी चालवून पाहू?”

“कुमुद, प्लीज, सीन करू नकोस,” वहिनीचे यजमान आत्मारामभावजी पुटपुटले.

बाबा हसले. “बैठ जा, बेटी. मंत्र के बिना ये पत्थर है.”

“मग तुम्ही त्या भिंतीपाशी उभे राहा. तोंड मिटून.”

मी बसले आणि कापडाखाली बोटे सरकवली. हवी होती ती वस्तू सापडली. क्लच दाबून गाडी सोडली, डावा पाय दुमडला, उजवा हात उंचावला आणि मोठ्याने म्हणाले, “बे एके बे!”

टक.

“बे दुणे चार!”

टक. तिसरा गिअर. गर्दीतून कुणीतरी उत्साहाने “बे त्रिक सहा” म्हणाले, पण समोर भिंत आली होती. खालच्या गिअरवर येताना पाढा उलटा म्हटला. गाडीने तोही ऐकला.

थांबून मी कापड काढले. स्टिअरिंगमागे एक पट्टी होती. ओढली की वरचा गिअर, ढकलली की खालचा.

“या गिअरबॉक्समध्ये एक नळकांडे असते,” मी सांगितले. “त्यावर नागमोडी खोबणी कोरलेल्या असतात. पट्टी ओढली की नळकांडे एक घर फिरते. खोबणीतले काटे सरकतात आणि दात्यांची कडी पुढच्या गिअरमध्ये अडकवतात. त्या क्षणी इंजिनाची ठिणगी आपोआप तुटते, जोर सैल होतो, म्हणून क्लच लागत नाही. उभी गाडी सुटताना मात्र लागतो. आणि नळकांडे एका वेळी एकच घर फिरते. साधनेची सीढ़ी ती हीच.”

“म्हंजे मंत्र बोटात होतो!” भिकाजी ओरडला.

“लीला है,” भिंतीजवळून बाबा म्हणाले. “आज शक्ती पाढे में उतरी.”

“मग पाढोच म्हणतंव, बाबानू. तुमी घराक जावा!”

भावजी अजून अडून होते. “ओके, गाडीत ट्रिक असेल. पण बाबांची पॉवर...”

“भावजी, ज्यांनी गाडीबद्दल खोटे सांगितले, त्यांच्या शब्दावर गाठ तशीच ठेवायची? गिअरसुद्धा आपोआप पडत नाही, कुणीतरी पट्टी ओढावी लागते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी कापड उचलून पाहा. तेवढी बुद्धी प्रत्येकाला आहे.”

ते वहिनीकडे वळले. “आपण इन्शाल्ला पुढच्या महिन्यात बघू, काय?”

वहिनीने गळ्यावरची ओढणी सोडली. गाठ सगळ्यांना दिसली.

“बघायचे खलास,” ती म्हणाली. “मी ऑपरेशन करून घेणार आहे.”